इंजिनाची अश्वशक्ती कशी मोजतात, आणि मेकॅनिकचा हात बोल्टपर्यंत का पोहोचत नाही

मे महिन्यातील एका दुपारी ऐरोलीचा एक तरुण आपली साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेऊन ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील माझ्या काकांच्या गॅरेजात आला. त्याच्या हातात डायनोवर, म्हणजे गाडीची शक्ती काढून देणाऱ्या यंत्रावर, काढलेला छापील आलेख होता. माहितीपत्रकात २० अश्वशक्ती लिहिली आहे आणि आलेखावर १७ दिसते आहे, त्याअर्थी मागच्या महिन्यातील सर्व्हिसिंगमध्ये तुम्ही इंजिनात काहीतरी बिघडवले, असे त्याचे म्हणणे होते. काकांनी गाडी चालू करून टॅपेटचा आवाज ऐकला, एअर फिल्टर काढून पाहिला, चेनचा ताण तपासला आणि इंजिनात काही दोष नाही असे सांगितले. तरुणाचे समाधान झाले नाही. त्याच्याकडे छापील आकडा होता आणि काकांकडे चाळीस वर्षांचा अनुभव होता. अशा वेळी ग्राहक आकड्यावर विश्वास ठेवतो.

मी डिप्लोमानंतर काही वर्षे इंजिनांच्या चाचणी विभागात काम केले आहे, म्हणून काकांनी मला बोलावून घेतले. मी आलेख पाहिला तेव्हा लक्षात आले, की माहितीपत्रकातील २० हा आकडाही खरा आहे आणि आलेखावरचा १७ हादेखील खरा आहे. दोन्ही वेगळ्या जागी आणि वेगळ्या हवेत मोजलेले आहेत, एवढाच त्यांच्यात फरक आहे. हा फरक समजून घ्यायचा असेल, तर अश्वशक्ती म्हणजे काय येथपासून सुरुवात करावी लागते. हे समजले, की मेकॅनिक मंडळी इंजिनिअरांवर वर्षानुवर्षे का चिडलेली असतात, त्याचेही बरेचसे उत्तर हाती लागते.

अश्वशक्ती हा शब्द आपल्याकडे गावोगाव माहीत आहे, तो मोटारींमुळे नव्हे तर विहिरीवरच्या पंपामुळे. तीनचा पंप, पाचचा पंप, साडेसातचा पंप असे शेतकरी सहज बोलतात आणि तेथे एचपी हा शब्द उच्चारावाही लागत नाही. हे माप जेम्स वॅट या स्कॉटिश अभियंत्याने १७८० च्या दशकात रूढ केले. त्याला आपले वाफेचे इंजिन विकायचे होते आणि गिऱ्हाईक मात्र घोड्यांच्या भाषेत विचार करत होते. किती घोड्यांचे काम हे यंत्र करील, हाच त्यांचा प्रश्न होता. वॅटने गिरणीत गोल फिरणाऱ्या घोड्याचा हिशेब मांडला. १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि साधारण १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे धरले. गुणाकार केला तर मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतात. ते पूर्णांकात ३३,००० धरले गेले. आजच्या मापात ही एक अश्वशक्ती ७४६ वॅट होते. युरोपात पुढे दशमान पद्धतीला सोयीची व्याख्या आली: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, आणि ती भरते ७३५.५ वॅट. आपल्याकडील माहितीपत्रकांत पीएस असे लिहिलेले असते ती ही दुसरी, आणि बीएचपी असे लिहिलेले असते ती बहुधा पहिली. त्यामुळे ५.९ किलोवॅटचे एकच इंजिन कोणी ८.०२ पीएस म्हणून छापतो, तर कोणी ७.९१ बीएचपी म्हणून. आकडा मोठा दिसला म्हणून इंजिन मोठे झालेले नसते.

७५ किलोची ही व्याख्या स्वतःच्या अंगावर तपासून पाहता येते. ७५ किलो वजनाचा माणूस ठाणे स्थानकाच्या पुलाचा सहा मीटर उंचीचा जिना सहा सेकंदांत धावत चढला, तर तेवढा वेळ तो बरोबर एक अश्वशक्ती देत असतो. हाच जिना त्याने अर्ध्या मिनिटात चढला तर काम तेवढेच झाले, परंतु शक्ती पाचव्या हिश्श्यावर आली. किती काम झाले यापेक्षा ते किती झपाट्याने झाले, हे सांगणारे माप म्हणजे शक्ती.

आता टॉर्क. हा शब्द ऐकून अनेक वाचक पुढचे पान उलटतात, परंतु गॅरेजात पाना हातात धरलेल्या कोणत्याही पोराला तो न शिकवता कळतो. अर्धा मीटर लांबीचा पाना घेऊन त्याच्या टोकाशी २० किलोचा जोर लावला, तर नटावर १० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. जाम झालेला नट सुटत नसेल तर आपण पान्यात पाइप घालून तो लांब करतो. जोर तेवढाच राहतो, पण टॉर्क वाढतो. छोट्या मोटारीच्या चाकाचे नट साधारण एवढ्याच टॉर्कने कसतात. गंमत वाटेल, पण १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा कमाल टॉर्कही साधारण ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पिळण्याच्या जोराबाबत मेकॅनिकचा दंड आणि मोटारीचे इंजिन जवळपास बरोबरीला येतात. फरक पडतो तो फेऱ्यांमध्ये. मेकॅनिक तो जोर पाव फेरा फिरवताना देतो, इंजिन तोच जोर मिनिटाला चार हजार फेरे फिरत देते. टॉर्कला फेऱ्यांनी गुणले की शक्ती मिळते: न्यूटन-मीटर गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९५४९, की उत्तर किलोवॅटमध्ये.

आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या हिरो स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाचे आकडे घेऊ. कमाल टॉर्क ८.०५ न्यूटन-मीटर, तो ६००० फेऱ्यांना. कमाल शक्ती ५.९ किलोवॅट, ती ८००० फेऱ्यांना. सूत्रात घालून पाहिले तर ६००० फेऱ्यांना शक्ती ५.०६ किलोवॅट भरते, आणि ८००० फेऱ्यांना टॉर्क ७ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेला असतो. म्हणजे सहा हजारांच्या पुढे प्रत्येक फेऱ्यातील जोर कमी होत जातो, तरीही फेरे वाढल्यामुळे एकूण शक्ती आठ हजारांपर्यंत वाढत राहते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ चढताना दोन माणसे बसलेली गाडी कोणीही आठ हजार फेऱ्यांवर नेत नाही. चालकाला ज्याला पिकअप म्हणायचे असते ते त्या वेळी चार-पाच हजारांवर हाती असलेल्या टॉर्कमध्ये असते, आणि माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो आठ हजारांवरचा. ग्राहकाची तक्रार आणि छापील आकडा यांची पहिली फारकत येथेच होते.

अश्वशक्ती थेट मोजणारे कोणतेही यंत्र नाही. मोजतात तो टॉर्क आणि फेरे. शक्ती हे गणिताने काढलेले उत्तर असते. हे मला पहिल्यांदा कळले ते तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत. तेथे एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे, १५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलेले होते. त्याच्या फ्लायव्हीलजवळ एक लोखंडी पिंप होते आणि त्यावर जाड दोरी गुंडाळलेली असे. दोरीच्या एका टोकाला वजने टांगायची, दुसरे टोक ताणकाट्याला बांधायचे. इंजिन पिंप फिरवू पाहते आणि दोरी घर्षणाने त्याला अडवते. वजने १७ किलो आणि काट्यावर २ किलो असतील, तर अडवणारा जोर १५ किलो. दोरीच्या मध्यापर्यंतची त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल, तर टॉर्क २.४ किलोग्रॅम-मीटर. त्याला १५०० ने गुणून ७१६.२ ने भागले (किलोग्रॅम-मीटर आणि अश्वशक्ती या मापांत ९५४९ च्या जागी हा आकडा येतो), की ५.०३ अश्वशक्ती. पिंपाच्या आतल्या कडेला सतत पाणी सोडावे लागे, कारण इंजिनाची सगळी शक्ती त्या दोरीखाली उष्णता होऊन बाहेर पडत असे. पाणी सोडायला एक मिनिट उशीर झाला, की जळक्या काथ्याचा वास खोलीभर पसरायचा. त्या वासाने मला जे शिकवले ते सूत्राने शिकवले नव्हते: शक्ती मोजायची असेल तर ती खर्ची घालावी लागते. ब्रेक हॉर्सपॉवर या नावातील ब्रेक हा शब्द तेथूनच आला आहे. इंजिनाला ब्रेक लावून, इंजिन त्या ब्रेकविरुद्ध ओढत असताना मोजलेली ही शक्ती.

ही कल्पना गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याची, १८२१ ची. त्याने दोरीऐवजी लाकडी ठोकळ्यांनी शाफ्ट आवळला आणि ठोकळ्यांना लांब दांडा जोडून त्याच्या टोकाशी वजन तोलले. पुढे १८७७ च्या सुमारास विल्यम फ्रूड यांनी घर्षणाऐवजी पाण्याच्या घुसळणीने इंजिन अडवणारा डायनामोमीटर, म्हणजेच डायनो, केला. आजच्या चाचणी विभागात हे काम बहुतेक वेळा विद्युतचुंबकीय ब्रेक करतो आणि ताणकाट्याच्या जागी लोड सेल, म्हणजे विजेवर चालणारा जोरमापक, असतो. परंतु दांड्याची लांबी, त्यावरचा जोर आणि मिनिटाचे फेरे या तीन गोष्टींपलीकडे आजही काही मोजले जात नाही.

टेस्ट बेडची, म्हणजे इंजिन सुटे बसवून तपासण्याच्या चौथऱ्याची, खोली कशी असते, ते पुढच्या भागासाठी नीट डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे. जाड भिंतींची, कानठळ्या बसू नयेत म्हणून बंद केलेली खोली. मध्यभागी कमरेएवढ्या उंचीवर चार आधारांवर उभे केलेले इंजिन. एका बाजूला ब्रेक, वर हवेची नळी, मागे धूर खेचून नेणारा पाइप. इंजिन चारी बाजूंनी मोकळे असते. त्याचा प्रत्येक बोल्ट उजेडात असतो आणि प्रत्येक बोल्टवर पाना सरळ बसतो. आत येणाऱ्या हवेचे तापमान, तेलाचे तापमान, थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान हे सर्व ठरलेल्या मर्यादेत राखलेले असते. इंजिन नवे असते आणि नियमाप्रमाणे काही तास चालवून रुळवलेले असते. माहितीपत्रकातील आकडा या खोलीत जन्मतो.

या खोलीत काय जोडायचे आणि काय काढून ठेवायचे, यावरही आकडा बदलतो. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिनाला पंखा, अल्टरनेटर, पूर्ण सायलेन्सर, एअर फिल्टर यांपैकी बरेच काही न जोडता शक्ती मोजून ती छापण्याची प्रथा होती. तिला ग्रॉस म्हणत. १९७२ पासून गाडीत असतात ती उपकरणे जोडून मोजलेली नेट शक्ती छापली जाऊ लागली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाचा १९७१ सालचा ग्रॉस आकडा ३६५ होता, आणि १९७२ साली नेट म्हणून २३५ छापला गेला. लोकांना वाटले इंजिने एका वर्षात मेली. प्रत्यक्षात मोजण्याची पद्धत बदलली होती. भारतात आज मंजुरीसाठी नेट शक्तीच मोजतात, आणि ही मोजणी पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था किंवा तिच्यासारखी मान्यताप्राप्त संस्था करते.

दुसरी गोष्ट हवेची. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिनाची शक्ती ही त्याच्या पोटात किती हवा गेली, यावर ठरते. हवा तापली की विरळ होते, आणि दमट असेल तर तिच्यातील काही जागा पाण्याच्या वाफेने अडवलेली असते, जी जळायला उपयोगी नाही. म्हणून आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवले आहे, की कोणत्याही हवेत मोजलेली शक्ती २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबाला आणून सांगायची. ठाण्यातील मे महिन्याची दुपार या सूत्रात घालून पाहू. तापमान ३५ अंश. हवेचा एकूण दाब १००.५ किलोपास्कल, त्यातील साडेतीन किलोपास्कल निव्वळ खाडीकाठच्या दमटपणाचा, म्हणजे कोरडी हवा ९७. तापमानाची दुरुस्ती २ टक्के येते आणि दाबाची सुमारे अडीच टक्के. एकंदर साडेचार टक्के शक्ती त्या दुपारी इंजिनात काही बिघाड नसताना कमी पडते. जानेवारीच्या पहाटे तीच गाडी मोकळी पळते असे चालक सांगतात, ते मनाचे खेळ नाहीत.

आता त्या तरुणाचा आलेख उलगडता येतो. रोलरवरच्या डायनोवर गाडी पट्ट्यांनी बांधतात, मागचे चाक एका जड रोलरवर ठेवतात आणि गिअर न बदलता इंजिन खालून वरपर्यंत ताणतात. रोलर किती जड आहे हे माहीत असते; तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून संगणक शक्ती काढतो. ही शक्ती चाकाशी पोहोचलेली असते. क्रँकपासून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्यापासून, चाकापर्यंत येताना गिअरबॉक्स, चेन, बेअरिंगे आणि रोलरवर दबणारा टायर प्रत्येकजण आपला वाटा घेतो, आणि ही घट साधारण १० ते १५ टक्के धरतात. २० अश्वशक्तीतून ११ टक्के वजा केले की १७.८ उरते. आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते, की हवेची दुरुस्ती लावलेली नाही. साडेचार टक्के तेही वजा झाले, की बरोबर १७. इंजिन पूर्ण निरोगी होते. मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा तरुणाने काकांची क्षमा मागितली, ही त्याच्या मोठेपणाची गोष्ट. परंतु त्याने ती वेळ आणली नसती, जर माहितीपत्रकात त्या आकड्याखाली "क्रँकशी, २५ अंशांना" एवढे तीन शब्द छापलेले असते. ते छापले जात नाहीत, आणि ग्राहकाचा संशय मात्र मेकॅनिकवर येतो. ही मेकॅनिकची पहिली तक्रार, आणि मला ती पूर्ण न्याय्य वाटते.

दुसरी तक्रार हाताची आहे. त्याच आठवड्यात काकांकडे एक टर्बो डिझेल मोटार आली होती. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेच्या, हाउसिंगमधून (डब्यातून) पाणी गळत होते. हाउसिंगला तीन बोल्ट, दहा नंबरचे. दोन समोर दिसत होते. तिसरा मागे होता, इंजिन आणि केबिनमधील पत्र्याच्या भिंतीच्या मध्ये, जिथे तळहात आडवा करूनच आत जातो. काकांनी बॅटरी काढली, बॅटरीचा ट्रे काढला, एअर फिल्टरचा डबा आणि हवेची नळी काढली, तेव्हा कुठे बोटे पोहोचली. बोल्ट दिसत नव्हताच. छोटा आरसा एका हातात धरून, मोबाइलचा उजेड बॉनेटला टांगून, बोटांच्या टोकांनी बोल्टचे डोके चाचपून त्यांनी त्यावर गोटी (सॉकेट) बसवली. रॅचेटचा दांडा एका वेळी एकच दात फिरेल एवढीच जागा होती. बोल्ट सुटून हातात येण्याआधी निसटला आणि खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर जाऊन पडला, म्हणून गाडी जॅकवर घेऊन तोही पत्रा उतरवावा लागला. काम तीन तास चालले. काकांच्या मनगटावर क्लिपेची ओरबाड उठली होती.

ते इंजिन मी ओळखत होतो. त्याच जातीच्या इंजिनाचे तेच हाउसिंग मी टेस्ट बेडवर दहा मिनिटांत बदलले होते, कारण तेथे तिसऱ्या बोल्टच्या मागे भिंत नव्हती. मी हे बोललो, तेव्हा काका हात पुसत म्हणाले, "तुमच्या त्या खोलीत इंजिन चारी बाजूंनी उघडं असतं रे. माझ्याकडे ते पेटीत भरून येतं." इंजिनिअर आणि मेकॅनिक यांच्यातील भांडण मी यापेक्षा नेमक्या शब्दांत ऐकलेले नाही. दोघेही त्याच इंजिनाबद्दल बोलत असतात, परंतु एकाने ते उघड्यावर पाहिलेले असते आणि दुसऱ्याने अंधारात चाचपलेले असते.

इंजिनिअरची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती बाजू मी जगलो आहे. कारखान्यात अनेक गाड्यांचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा आधार हे सगळे आधी बाहेर जोडून एकसंध करतात आणि मग खालून वर उचलून गाडीत बसवतात. त्या क्रमात तिसरा बोल्ट कधीच भिंतीमागे नसतो. भिंत नंतर येते. जोडणीचा क्रम आणि दुरुस्तीचा क्रम उलटे असतात असे आपण समजतो, परंतु मेकॅनिकला पूर्ण उलटा क्रम परवडतच नाही. गळक्या हाउसिंगसाठी तो सगळे इंजिन खाली उतरवणार नाही, तो वरून वाट काढतो, आणि ती वाट कोणी आखलेली नसते. शिवाय अपघातात पुढचा भाग चेपला जाण्यासाठी जागा राखावी लागते, प्रवाशांना पाय पसरायला जागा हवी असते, आणि त्याच पेटीत जास्त हवा आत ढकलणारा टर्बो, ती हवा गार करणारा इंटरकूलर, त्यांच्या नळ्या आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस सहा या प्रदूषण नियमांच्या मर्यादा पाळण्यासाठी लागणारी धूर शुद्ध करणारी उपकरणेही बसवायची असतात. लहान इंजिनातून जास्त अश्वशक्ती काढण्याची किंमत जागेत मोजावी लागते, आणि ती जागा मेकॅनिकच्या मनगटाची असते.

मेकॅनिकांचा प्लॅस्टिकबद्दलचा रागही असाच दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. हवा आत नेणारा मॅनिफोल्ड पूर्वी अॅल्युमिनियमचा असे, आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा असतो. तो हलका असतो, आतून गुळगुळीत असतो आणि इंजिनाची उष्णता हवेपर्यंत कमी पोहोचू देतो. गार हवेने शक्ती वाढते हे वर आलेच आहे. म्हणजे त्या प्लॅस्टिकमध्ये थोडी अश्वशक्ती दडलेली आहे. परंतु दहा वर्षे तापून निघालेल्या प्लॅस्टिकची क्लिप काढताना तुटते, आणि सुटी क्लिप मिळत नाही, पूर्ण भाग घ्यावा लागतो. सिलिंडरांवरचे झाकण आवळून धरणाऱ्या हेड बोल्टचेही तेच आहे. आजच्या अनेक इंजिनांत हेड बोल्ट ठरावीक टॉर्कवर कसून पुढे ठरावीक अंशांनी आणखी फिरवतात, इतके की पोलाद किंचित ताणले जाते. त्यामुळे सगळे बोल्ट एकसारखे आवळले जातात, सिलिंडर वेडावाकडा होत नाही, पिस्टनचे घर्षण कमी राहते. मात्र एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो, आणि हे त्या बोल्टवर कोठेही लिहिलेले नसते. ज्याने तीस वर्षे जुनेच बोल्ट स्वच्छ करून पुन्हा लावले, त्याने ते कसे ओळखावे?

सर्वांत खोल तक्रार मला वेगळीच वाटते. आम्हाला डिप्लोमाला मोर्स चाचणी शिकवली होती. चार सिलिंडरांचे इंजिन ब्रेकवर चालवायचे, एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करायचा आणि प्रत्येक वेळी शक्ती किती घटते ते मोजायचे, म्हणजे कोणता सिलिंडर किती काम करतो ते कळते. मी ती मोठ्या अभिमानाने काकांना समजावली, तेव्हा ते मला एका जुन्या पेट्रोल गाडीपाशी घेऊन गेले आणि चालू इंजिनाची एकेक प्लग कॅप काढून दाखवली. तीन कॅप काढताना आवाज पडला, चौथी काढताना काहीच झाले नाही. तो सिलिंडर मेलेला होता. जुन्या डिझेलवर तेच ते इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून करीत. ब्रेक नव्हता, लोड सेल नव्हता, पण चाचणी तीच होती आणि निदान अचूक होते. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, ही नळी सैल करता येत नाही. आत १६०० ते २००० बारपर्यंत दाब असतो आणि त्या दाबाची धार कातडी भेदून हातात शिरू शकते. इंजिनिअरने तो दाब चांगल्या कारणासाठी वाढवला: डिझेलचे तुषार बारीक झाले, काजळी कमी झाली, शक्ती वाढली. परंतु मेकॅनिकच्या कानातली आणि बोटांतली मोजणीची पद्धत त्याच क्षणी बाद झाली, आणि तिच्या जागी गाडीच्या संगणकातील दोष वाचणारा जो स्कॅनर आला तो मिळवणे छोट्या गॅरेजला सोपे नव्हते.

हा केवळ रागाचा विषय नाही, याची नोंद सरकार दरबारीही झालेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, कारण सुटे भाग, निदानाची साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळत नव्हती. त्यावर पुढे अपिले झाली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी नेमलेल्या समितीच्या कार्यकक्षेत मोटारींचा समावेश केला. वागळे इस्टेटमधील गॅरेजात याचा परिणाम हळूहळू आणि अर्धवट पोहोचतो आहे; काकांकडे आज स्कॅनर आहे, पण काही गाड्यांचे अर्धे पडदे त्यावर उघडतच नाहीत.

जे मोजले जाते त्याप्रमाणे यंत्र घडते, हे इंजिनांच्या इतिहासात एकदा फार स्पष्ट दिसले होते. ब्रिटनमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे १९१० चे एक सूत्र मोटारींच्या करासाठी वापरले जाई. सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच, ही त्यातील अश्वशक्ती. पिस्टन किती लांब धावतो याचा त्यात हिशेबच नव्हता. परिणामी ब्रिटिश इंजिनिअरांनी कित्येक दशके अरुंद व्यासाची आणि लांब स्ट्रोकची इंजिने केली, कारण तेवढ्यावर कर कमी बसे. इंजिनिअर हुशार होते, त्यांनी दिलेल्या आकड्याला उत्तम उत्तर शोधले. आज त्यांना दिलेले आकडे आहेत अश्वशक्ती, मायलेज, धुरातील घटक, अपघातातील सुरक्षितता आणि जोडणीचा खर्च. थर्मोस्टॅट बदलायला किती मिनिटे लागतील, हा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात नाही. कंपन्यांच्या आत मजुरीचे तास ठरलेले असतात, पण ते नव्या गाडीवर, गंज न चढलेल्या बोल्टवर आणि खास हत्यारे हाताशी असताना मोजलेले असतात; खाडीच्या हवेत आठ पावसाळे काढलेल्या गाडीवर ते लागू पडत नाहीत.

काकांनी आपली मोजणी मात्र सोडलेली नाही. इंजिनाचे मोठे काम निघाले, की ते रविवारी पहाटे गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर नेतात. शेजारी मदतनीस घड्याळ घेऊन बसतो. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर गाडी स्थिर करायची, मग पॅडल पूर्ण दाबून ६० होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. येताना एकदा आणि जाताना एकदा, म्हणजे वाऱ्याचा आणि उताराचा फरक निघून जातो. हे सेकंद ते एका लांबट वहीत गाडीचे मॉडेल, किलोमीटर आणि महिना लिहून नोंदवतात. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा एक फेरी होते. माणसांसह १००० किलो भरणाऱ्या गाडीला यासाठी सहा सेकंद लागले, तर गाडीचा वेग वाढवण्यात सरासरी १७.४ किलोवॅट, म्हणजे सुमारे साडेतेवीस अश्वशक्ती खर्च झाली असे गणित येते; हवेचा आणि टायरचा विरोध त्यावर वेगळा. रोलरवरचा डायनो जे जड रोलरने करतो तेच काका गाडीच्या वजनाने करतात. त्यांनी हे सूत्र कधी पाहिले नव्हते, मी मागच्या दिवाळीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले.

त्या वहीत आता एक रकाना वाढला आहे. काकांनी तापमान लिहायला सुरुवात केली आहे.